पाच फण्यांचा मातीचा नाग

श्रावण लागला की पाचव्या दिवशी नागपंचमी. आदल्या दिवशी बहिणी भावाचा उपवास धरतात. मग मेंदी, झोका, फेराची गाणी, लाह्या आणि पुरणाची दिंडे. त्या दिवशी शेतकरी नांगर धरीत नाही, कुदळ मारीत नाही. घरात विळीने चिरायचे नाही, चुलीवर तवा ठेवायचा नाही. जमिनीत राहणाऱ्या जिवाला त्या दिवशी इजा होऊ नये, हा त्यातला भाव.

पूजा कशाची करायची, हे मात्र घरोघर निराळे. कोणी भिंतीवर किंवा पाटावर नाग काढतात. कोणी कुंभाराकडून मातीचा आणतात. आणि कोणी दारात आलेल्या गारुड्याच्या टोपलीतला जिवंत नाग पूजतात. या शेवटच्या रीतीबद्दल आधी थोडे बोलू, मग मातीकडे वळू.

टोपलीतला नाग आपल्यापुढे डुलतो. त्याला दूध दिले की तो पितोसे दिसते. आपण हात जोडतो. पण त्या नागाचे आधी काय झालेले असते, ते कोणी विचारीत नाही. त्याचे विषाचे दात उपटलेले असतात. कधी तोंडही शिवलेले असते. त्याला दिवसेंदिवस उपाशी आणि तहानलेला ठेवतात. मग पुढे जे ओले येईल त्याला तो तोंड लावतो. दूध हे सापाचे अन्न नव्हे. ते त्याला पचत नाही. असे नाग पुढे फार दिवस जगत नाहीत. म्हणजे ज्याची पूजा केली त्यालाच आपण मारले!

सन १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने नाग पकडणे आणि बाळगणे हा गुन्हा आहे. सांगली जिल्ह्यात बत्तीस शिराळा म्हणून गाव आहे. तिथली नागपंचमी जिवंत नागांमुळे देशभर गाजलेली. रानातून नाग पकडून आणायचे, त्यांची मिरवणूक काढायची, अशी तिथली जुनी चाल होती. प्रकरण कोर्टात गेले. २०१४ साली मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल लागला आणि ही मिरवणूक बंद करावी लागली. मग लोक नागाच्या प्रतिमेची पूजा करू लागले. सण काही बुडाला नाही.

आणि शेतकऱ्याने तर नागाला जपलेच पाहिजे. कणगीतली ज्वारी खाणारा उंदीर हे नागाचे आवडते खाणे. (नाग चावला तर मात्र मांत्रिकाकडे जाऊ नका, सरळ सरकारी दवाखाना गाठा. विषावरचे औषध तिथे असते.)

तर आता आपण आपल्या हातांनी नाग करू. पाच फण्यांचा करू. ज्याने कधी मातीची मूर्ती केली नाही, त्यालाही तो जमेल.

पहिली गोष्ट माती. नागपंचमीला खणायचे नाही, म्हणून माती आधीच आणावी लागते. नाग वाळायलाही सहासात दिवस लागतात. तेव्हा दहाबारा दिवस आधी कामाला लागा. आपल्या भागातली काळी माती तुम्हांला ठाऊकच आहे. पावसात ती फुगते, पायाला चिकटते. उन्हाळ्यात तीच माती आकसते, आणि रानात पाय जाईल एवढ्या भेगा पडतात. जी गत रानाची, तीच मूर्तीची. निव्वळ काळ्या मातीचा नाग केला तर वाळताना त्यालाही तशाच भेगा पडतील.

म्हणून तळ्यातला किंवा ओढ्याच्या काठचा बारीक गाळ घ्या. कुंभारदादांकडून एक घमेलेभर मळलेली माती मागून आणली तर सगळ्यांत बरे. त्यांनी ती पारखून, गाळून घेतलेली असते. काळीच माती घ्यायची झाली तर तिच्यात बारीक वाळू किंवा चाळलेली राख मिसळा. चार ओंजळी मातीला एक ओंजळ पुरे. वाळू आणि राख आकसत नाहीत. त्यामुळे सगळ्या गोळ्याचे आकसणे कमी होते.

माती वाळवून कुटा. पिठाच्या चाळणीने चाळा. खडा राहिला तर तो नेमका फण्याच्या टोकाला सापडतो! मग रात्रभर भिजत घाला. सकाळी वरचे पाणी ओता. आता थोडा कापूस घ्या. आपल्याकडे कापसाला काय तोटा? तो पिंजून, चिमूट चिमूट करून मातीत मिसळा आणि कणकेसारखे मळा. भिंतीच्या गाऱ्यात आपण भुसा घालतो ना, तेच काम इथे कापूस करतो. त्याचे धागे मातीला धरून ठेवतात.

माती तयार झाली की नाही, हे कसे ओळखावे? करंगळीएवढी जाड वळी करा आणि बोटाभोवती गुंडाळा. वळी तडकली तर माती कोरडी आहे किंवा वाळू जास्त झाली. बोटाला चिकटून बसली तर पाणी जास्त झाले. न तडकता, न चिकटता वळली तर बसा कामाला.

पाटावर राख भुरभुरा, म्हणजे माती लाकडाला धरणार नाही. मनगटाएवढी जाड आणि हातभर लांब वळी करा. एका बाजूला ती निमुळती होत जाऊ द्या, ती शेपटी. आता शेपटी बाहेर ठेवून वेटोळे घाला. दोन वेढे झाले की वळीचे जाड टोक मधोमध वर उभे करा. ते चार बोटे उंच असावे. ही नागाची मान. वेटोळ्यांच्या सांध्यात बोटाने माती दाबा. वरून वेगळे दिसले तरी आतून सगळे एकजीव पाहिजे.

एवढे झाले की पाट उचलून खालून पाहा. वेटोळ्याच्या तळाची माती चमच्याने थोडी कोरून काढा. हे कशासाठी? जाड गोळा बाहेरून लवकर वाळतो आणि आत ओला राहतो. बाहेरची माती आकसू पाहते, आतली तिला आकसू देत नाही. मग बाहेरची फाटते. कुठलाही भाग दोन बोटांपेक्षा जाड ठेवू नये, हा मातीकामातला मोठा नियम आहे.

आता फणे. इथेच नवखा माणूस फसतो. तो पाच वेगळ्या वळ्या करतो आणि मानेला चिकटवतो. दिसायला छान दिसते. तिसऱ्या दिवशी एक फणा पाटावर पडलेला असतो, पाचव्या दिवशी दुसरा.

आपल्या वाडवडिलांनी ही अडचण कशी सोडवली, ते पारावर जाऊन पाहा. गावोगाव पिंपळाखाली नागशिळा असतात. जवळच औंढ्याला यादवांच्या काळातले नागनाथाचे देऊळ आहे. तिथल्या भिंतींवरचे कोरीव काम नीट न्याहाळा. दगडात हातपाय किंवा फणे कोरणारा कारागीर त्यांना सहसा मोकळे सोडीत नाही. मागच्या दगडाला धरून ठेवतो. नागशिळेवर पाच फणे दिसतात खरे, पण ते एकाच पाटीवर कोरलेले असतात. मोकळी असते ती फक्त टोके.

आपणही तेच करू. तळहाताएवढी भाकरी थापा, बोटभर जाडीची. तिला वरच्या कडेने चार चिरा द्या, म्हणजे पाच पाकळ्या होतील. चिरा अर्ध्यापर्यंतच न्यायच्या. मधली पाकळी थोडी ओढून उंच करा, कडेच्या दोन बुटक्या ठेवा. प्रत्येक पाकळीचे टोक पुढे किंचित वाकवा. झाले पाच फणे, आणि सगळे एकाच अंगाचे.

ही भाकरी मानेला जोडताना नुसती दाबू नका. मानेवर आणि भाकरीच्या मागे काडीने आडव्याउभ्या रेघा ओढा. दोन्हींवर त्याच मातीचा पातळ चिखल लावा. मग दाबा आणि सांध्यावर एक बारीक वळी फिरवून बोटाने सारवून टाका. कोरडी माती ओल्या मातीला कधीच धरीत नाही, म्हणून दोन्हींचा ओलावा सारखा असावा.

कोणी म्हणेल, मानेत तुरीची काडी घातली तर नाग जास्त टणक होणार नाही का? होणार नाही. माती वाळताना आकसते, काडी आकसत नाही. माती काडीभोवती आवळत जाते आणि शेवटी काडीच्या रेघेनेच फुटते. काडी घालायचीच असेल तर तिला आधी सुताचे दोनचार पदर गुंडाळा, म्हणजे मातीला आकसायला थोडी जागा राहते.

शहरांतून अलीकडे एक निराळी माती मिळते. तिला पॉलिमर क्ले म्हणतात. नावाची माती, पण ती रानातली नव्हे. आपल्या पाण्याच्या पाइपाचे जे प्लास्टिक असते, त्याच जातीची ही भुकटी. तिच्यात ती मऊ राहावी म्हणून तेलासारखा पदार्थ मिसळलेला असतो. तिच्यात पाणी नसल्यामुळे ती वाळत नाही आणि वाळताना आकसतही नाही. आकार झाला की भट्टीच्या पेटीत सुमारे १३० अंश उष्णतेवर थोडा वेळ ठेवतात, मग ती कडक होते. या मातीत तारेचा सांगाडा खुशाल चालतो. म्हणून परदेशांत हौशी लोक तिचे आठ सोंडांचे राक्षस करतात. आतून तार, तिच्यावर चांदीसारखा कागद आणि वर ही माती. सोंडा पाहिजे तशा वाकवता येतात.

हा आठ सोंडांचा राक्षस आला कुठून? समुद्रात अष्टपाद नावाचा खराखुरा प्राणी आहे. त्याला आठ लवचिक हात असतात. नॉर्वे देशाकडच्या खलाशांनी आपल्या गोष्टींत क्राकेन नावाचा एक राक्षस सांगितला. तो म्हणे गलबतच्या गलबत ओढून नेई. अष्टपादासारख्या प्राण्यांवरूनच लोक त्याचे चित्र काढतात. आपल्याकडेही तसेच आहे. खऱ्या नागाला एकच फणा असतो. मानेजवळच्या फासळ्या पसरून तो कातडे ताणतो, तोच फणा. पण आपल्या कथांत शेषाला हजार फणे आहेत. ज्याची भीती वाटते किंवा ज्याचा मान ठेवावासा वाटतो, त्याला माणूस जास्तीची तोंडे आणि हात देतो.

ही शहरी माती आपल्या कामाची नाही, असे माझे मत आहे. ती महाग आहे, पाण्यात विरघळत नाही. आणि चुलीत घातली तर जळून वाईट, अपायकारक धूर होतो. मुलांनी कुठून आणली तर चुलीपासून लांब ठेवा.

आता आपला नाग वाळत घालू. ऊन दाखवायचे नाही. ओसरीच्या कोपऱ्यात, वारा थेट लागणार नाही अशा जागी ठेवा. पहिले दोन दिवस वर ओले फडके असू द्या. फण्यांची टोके पातळ, ती आधी वाळतात. तेव्हा फडके टोकांवर जरा जास्त ठेवा, म्हणजे सगळे अंग सारखे वाळेल. तिसऱ्या दिवशी फडके काढा. चौथ्या दिवशी अलगद उचलून आडवा ठेवा, म्हणजे तळालाही हवा लागेल. श्रावणात हवा दमट असते. वेळ लागतो, पण भेगा कमी पडतात. नवख्याला हे दिवस एक वरदानच आहे.

एवढे करूनही एखादी भेग पडेल. घाबरू नका. भेगेच्या कडा ओल्या करा. पाच मिनिटे थांबा. मग त्याच मातीचा चिखल काडीने आत भरा आणि वरून बोट फिरवा.

डोळ्यांना ज्वारीचे दाणे छान दिसतात. पण माती अगदी ओली असताना ते लावू नका. ओल्या मातीत दाणा फुगतो, आणि एकदोन दिवसांत नागाच्या डोळ्याला कोंब येतो! नाग अर्धा वाळला, नखाने दाबला तर जेमतेम खूण उमटते, अशा वेळी दाणे दाबून बसवा. खवले काढायचे तर त्याच वेळी काढा. बोरूचे टोक तिरपे दाबत जायचे, बस्स.

रंगाला गेरू, चुना, हळद आणि काजळ पुरेत. नाग पुरता वाळल्यावर अंगाला गेरू लावा, फण्यांवर चुन्याचे ठिपके द्या. तैलरंग नको, कारण पुढे हा नाग पाण्यात जायचा आहे. चुलीत भाजूही नका. आत ओल राहिली असेल तर तिची वाफ होऊन तो फुटतो. भाजलेला असला तर विरघळत नाही.

पूजा झाल्यावर त्याला विहिरीत टाकू नका. विहिरीचे पाणी आपण पितो, आणि गाळ उपसायला पुन्हा आपल्यालाच उतरावे लागते. बादलीभर पाण्यात ठेवा. उद्यापर्यंत त्याचा चिखल होईल. तो तुळशीच्या आळ्यात ओता, नाहीतर रानात नेऊन टाका. प्लास्टरचा नाग मात्र असा विरत नाही, म्हणून विकत घेतानाही कुंभाराला विचारून मातीचाच घ्या.

मळलेली माती उरली तर ओल्या फडक्यात गुंडाळून जुन्या माठात झाकून ठेवा. पंचवीस दिवसांनी पोळा येतो. त्या मातीत पोरांसाठी बैलजोडी होते. फक्त बैलाचे पाय चांगले जाड ठेवा, आणि शिंगे शेवटी लावा.