मातीचा कुत्रा हसवतो कसा?

घरातल्या लहानग्याच्या हाती मोबाइल गेला की हल्ली बऱ्याचदा ‘शॉन द शीप’ लागते. मेंढरांचा कळप, चष्मेवाला शेतकरी आणि गळ्यात शिटी अडकवून हिंडणारा बिट्झर नावाचा राखणदार कुत्रा. कुणी धड एक वाक्य बोलत नाही. त्यामुळे नांदेडच्या देगलूर नाक्यावर असो की लातूरच्या गंजगोलाईमागच्या गल्लीत, नातू आणि दादी एकाच जागी हसतात.

हा बिट्झर चित्रकाराने काढलेला नाही, संगणकाने घडवलेलाही नाही. तो टेबलावर उभा असलेला खराखुरा बाहुला आहे. आत धातूचा सांगाडा, वर माती, रबर, कापड. त्याचा पाय केसभर हलवायचा, फोटो काढायचा; पुन्हा हलवायचा, पुन्हा फोटो. सेकंदाला साधारण १२ वेळा असे केले तर पडद्यावर तो चालताना दिसतो. सात मिनिटांच्या एका भागासाठी हिशेब करा : पाच हजारांवर हालचाली! दिवसभर राबून काही सेकंदच हाती येतात. आपण ते चहा पिता पिता संपवतो.

इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरातील आर्डमन या संस्थेचे हे काम. कुत्र्यांवर या मंडळींचा भारी जीव. निक पार्कचा ग्रॉमिट १९८९ मध्ये पडद्यावर आला. कागदावर तो आधी मांजर होता. मातीत कुत्रा घडवणे सोपे, म्हणून कुत्रा झाला. त्याला तोंडच नाही. राग, काळजी, कंटाळा सगळे फक्त भुवईवर. १९९८ मध्ये रिचर्ड गोलेशोव्स्कीची ‘रेक्स द रन्ट’ ही मालिका बीबीसीवर आली. रेक्स, वेंडी, बॅड बॉब आणि व्हिन्स असे चार चपटे मातीचे कुत्रे एकाच घरात राहतात आणि भलत्याच भानगडी करतात. दहा-दहा मिनिटांचे भाग, पण विनोद बराचसा इंग्रजी बोलण्यातला. लहान मुलांपुढे ती ठेवण्यात मला तरी अर्थ दिसत नाही. मोठ्यांनाच ती जास्त कळेल. मुलांसाठी बिट्झर आणि ग्रॉमिट बरे.

‘पण कुत्राच का?’ असे आपल्याकडे एखादी नानी विचारणारच. कुत्रा घरात न ठेवण्याची आपली रीत आहे, लाळेच्या पाकीचे नियम आहेत, ते आपल्या जागी. मात्र गल्लीतल्या कुत्र्याला दगड मारणे हा त्या नियमांचा भाग नाही. तहानलेल्या कुत्र्यासाठी विहिरीत उतरून आपल्या मोज्यात पाणी भरून आणणाऱ्या माणसाला माफी मिळाली, ही हदीस मुलांना सांगावी. गुहेतल्या तरुणांच्या दाराशी पाय पसरून बसलेला कुत्रा तर सूरह कहफमध्येच आहे. पुतळे आणि चित्रांबाबत उलेमांची मते वेगवेगळी आहेत, मुलांच्या खेळण्यांना मात्र हजरत आयेशा (रजि.) यांच्या बाहुल्यांच्या हदीसवरून अनेकांनी मोकळीक मानली आहे. घरात जे मत पाळले जाते ते पाळावे.

ही कला परदेशातच आहे असेही नाही. दादासाहेब फाळक्यांनी १९१५ मध्येच काड्यापेटीतल्या काड्या एकेक फोटो घेत हलवून ‘आगकाड्यांची मौज’ केली होती. मुंबईच्या सुरेश एरियात यांची ‘टोकरी’ ही मातीची छोटी फिल्म आठवा. वडिलांचे जपलेले घड्याळ मुलीच्या हातून बिघडते आणि ते दुरुस्त करायला ती टोपल्या विणून विकायला निघते. २०१७ च्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत तिचा गौरव झाला. बाप-लेकीने शेजारी बसून पाहावी अशी ती आहे. एरियात अहमदाबादच्या एनआयडीत शिकले. ज्या घरात मुलगी चित्रे काढते आणि लोक तिला ‘याने पोट भरते का?’ म्हणतात, त्या घराने ही संस्था आणि तिची प्रवेश परीक्षा निदान माहीत करून घ्यावी. डॉक्टरकीच्या शिकवण्यांची गर्दी असलेल्या लातूर-नांदेडात हे दार कुणी सहसा दाखवत नाही.

सुट्टीत घरी करून पाहायचे असेल तर शेतातली काळी माती घेऊ नका. पोळ्याचे बैल तिच्यापासून होतात, पण वाळताना ती आकसते, भेगा पडतात आणि दुपारपर्यंत कुत्र्याचा कान गळतो. स्टेशनरीच्या दुकानात मिळणारी तेलकट रंगीत माती घ्या. ती वाळत नाही. मोबाइल पुस्तकांच्या थप्पीला टेकवून घट्ट बांधा, तो हलला की सगळे चित्र हलते. खिडकी बंद करून ट्यूबलाइट लावा. बाहेरचे ऊन सरकते आणि चित्र लुकलुकते. पाच सेकंदांपुरते साठ फोटो काढा. ते जोडणारी फुकट अॅप्स मिळतात. आणि वेळ? एक पूर्ण दुपार. तेवढा वेळ पोर मोबाइल पाहत नाही, मोबाइलकडून काम करून घेते.

पहिला कुत्रा बहुधा उभा राहणार नाही, तोंडावर पडेल. पाय जाड करा, पंजे रुंद करा आणि डोके लहान ठेवा.