फादरच्या कानात सांगितलं, की खातं बंद?

फोंडाघाटच्या बाजारातल्या आमच्या नेहमीच्या किराणा दुकानदाराला माझ्या धर्माबद्दल एकच कुतूहल आहे. दर वर्षी गुड फ्रायडेच्या आठवड्यात, गूळ तोलता तोलता, ते बाहेर पडतं. ‘‘मास्तरांनू, तुमचा बरा आसा. वर्साक एकदा फादराच्या कानात सांगलास की खाता बंद. आमका मात्र हंयसरच फेडूचा लागता.’’

दुसरा प्रश्न घाटावरून आला. माझी थोरली वहिनी कोल्हापूरची, प्रेस्बिटेरियन घरातली. रॉयल वायल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ साली कोल्हापुरात आले, तिथून तिच्या मंडळीचा इतिहास सुरू होतो. लग्न होऊन ती आमच्या कॅथलिक घरात आली आणि पहिल्याच नाताळात, करंज्या तळताना, तिने मला विचारलं, ‘‘भावोजी, तुम्हाला तारणाची खात्री आहे?’’ मी म्हटलं, असेल. ती म्हणाली, ‘‘असेल म्हणजे नाही.’’

दोन्ही प्रश्नांना उत्तरं आहेत. तेव्हा मला ती नीट देता आली नाहीत, एवढंच.

‘सांगितलं की संपलं’

आधी दुकानदाराचं. ज्याला आमची म्हातारी माणसं कुमसार म्हणतात आणि वसईकडच्या मराठी पुस्तकांत पापनिवेदन किंवा प्रायश्चित्त संस्कार असं छापतात, त्यात कानात सांगणं हा मधला एक टप्पा आहे. त्याच्या आधी पश्चात्ताप लागतो आणि नंतर भरपाई. पश्चात्ताप नसेल तर धर्मगुरूने क्षमेचे शब्द उच्चारले तरी ते पोकळ. फादरला फसवता येईल, पण संस्कार लागू होत नाही. भरपाईचंही तसंच. चोरलेलं परत करायचं, ज्याची बदनामी केली त्याचं नाव शक्य तेवढं सावरायचं, हे कॅथलिक शिकवणीत स्पष्ट लिहिलेलं आहे. क्षमेने पाप जातं, पण पापाने जो विस्कोट केला तो आपोआप आवरला जात नाही. शेजाऱ्याचा बांध सरकवून घेतलेला माणूस कुमसार करून आला तर बांध जिथल्या तिथे जायला हवा. फादर ‘तीन वेळा नमन मारिये म्हण’ असं सांगतात ते या भरपाईचं निमित्तमात्र रूप.

लहानपणी मला त्या लाकडी खोक्याची भीती वाटायची. गुडघे टेकायची फळी मध्ये खोलगट झालेली, जाळीला मेणाचा आणि जुन्या लाकडाचा वास, पलीकडे फादरांचा फक्त कान आणि गालाची कड दिसायची. नंतर कळलं की ती जाळीची पेटी सोळाव्या शतकातली, मिलानच्या चार्ल्स बोरोमिओ यांच्या काळात रूढ झालेली. सुरुवातीच्या चर्चमध्ये तर खून, व्यभिचार, श्रद्धात्याग अशा मोठ्या पापांचं प्रायश्चित्त चारचौघांत आणि बहुधा आयुष्यात एकदाच मिळायचं. खाजगीत, पुन्हा पुन्हा पापनिवेदन करण्याची पद्धत आयरिश मठवाशांनी सहाव्या-सातव्या शतकापासून युरोपभर नेली. वर्षातून एकदा तरी करावंच, हा नियम १२१५ च्या लॅटरन परिषदेचा. दुकानदाराचं ‘वर्साक एकदा’ तिथून आलंय, हे त्याला ठाऊक नाही.

आणखी एक शंका लोक दबक्या आवाजात विचारतात: फादर बाहेर बोलत नाहीत कशावरून? ऐकलेलं उघड करणाऱ्या धर्मगुरूला चर्चमधून बहिष्कृत केलं जातं, ही शिक्षा धर्मसंहितेत आहे. शिवाय फादर स्वतःही दुसऱ्या धर्मगुरूकडे जाऊन कुमसार करतात. पोपसुद्धा.

पैशांबद्दल दोन वाक्यं पुरे. पैसे घेऊन पापाच्या शिक्षेतून सूट द्यायचा बाजार युरोपात एके काळी खरोखर भरला होता, १५१७ मध्ये मार्टिन ल्यूथर त्यावरूनच उसळले, आणि १५६७ मध्ये पोप पाचवे पायस यांनी पैशांशी जोडलेल्या अशा सगळ्या सवलती रद्द केल्या. कुमसाराला फी नाही.

‘रडला तो सुटला’

पश्चात्ताप या शब्दानेच अर्धा घोटाळा केला आहे. (बरेच जण तो एकाच ‘त’ने लिहितात, वर्गात मी त्याचे गुण कापायचो.) पश्चात् म्हणजे मागून आणि ताप म्हणजे होरपळ. संतांचा अनुताप तोच. शब्द सुंदर आहे, पण त्यात फक्त जळणं आहे. बायबलच्या जुन्या करारातला हिब्रू शब्द ‘शूव’ म्हणजे परत वळणं, चुकलेल्या वाटेवरून मागे फिरणं. नव्या करारातला ग्रीक ‘मेतानोइया’ म्हणजे मन पालटणं. दोन्हींत अश्रू असलेच पाहिजेत असं काही नाही. पाय मात्र हवेत.

नव्या करारात यहूदा इस्कार्योतची जी गोष्ट आहे ती या दृष्टीने वाचावी. येशूला पकडून दिल्यावर तो पस्तावला. ‘मी पाप केलं’ असं त्याने तोंडाने कबूल केलं. घेतलेली चांदीची तीस नाणीही परत नेऊन टाकली. म्हणजे हळहळ, कबुली, भरपाई, तिन्ही झालं! ही गोष्ट सांगणारा मत्तय मात्र इथे मेतानोइयाचं क्रियापद वापरत नाही. नुसत्या हळहळीचं, दुसरं क्रियापद वापरतो. यहूदा गेला ज्यांच्याशी सौदा केला त्या याजकांकडे, ज्याचा घात केला त्याच्याकडे नाही, आणि तिथून गळफासाकडे. त्याच रात्री पेत्र या दुसऱ्या शिष्याने तीनदा येशूला नाकारलं होतं, तोही ढसढसा रडला, पण तो परतला. दोघांच्या दुःखाचं वजन करायला गेलं तर कदाचित यहूदाचंच पारडं जड भरेल. आपल्याला परत घेतलं जाईल, ही आशा मात्र त्याच्यापाशी नव्हती.

मराठीत याचं सगळ्यात साधं उदाहरण लक्ष्मीबाई टिळकांचं. नारायण वामन टिळक मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचे. त्यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंचा झाला १९०० मध्ये. मधल्या वर्षांत त्या कधी नवऱ्यापासून दूर, कधी जवळ, सोवळं सांभाळत राहिल्या. ‘स्मृतिचित्रे’मध्ये त्यांचं मन पालटतं ते कुठल्या गर्जणाऱ्या प्रवचनाने नव्हे. जाती देवाने केल्या की माणसाने, या प्रश्नावर त्या एकट्याच विचार करत बसतात आणि उठतात त्या कुणाच्याही हातचं खायला तयार होऊन. मला विचाराल तर मेतानोइयाचं याहून चोख मराठी भाषांतर झालेलं नाही.

उलट टोकही आपल्याकडेच आहे. १९०५ साली पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये जे धार्मिक जागरण झालं त्यात शेकडो मुली रडून, मोठमोठ्याने प्रार्थना करून पापं कबूल करत होत्या. ते खोटं होतं असं म्हणायचा मला अधिकार नाही. ते सगळ्यांना तसंच व्हायला हवं, असं म्हणायचा अधिकार मात्र कुणालाच नाही.

‘प्रायश्चित्त घेतलं, परत आत’

हा घोळ मराठी माणसाचा खास. प्रायश्चित्त म्हटलं की धर्मशास्त्रातला विधी आठवतो: दोष लागला, विधी केला, शुद्ध झालो, पंक्तीत बसलो. आमच्या या देवगड रस्त्याच्या भागाला त्याचा एक गाजलेला दाखला माहीत असायला हवा. १८४३ मध्ये मुंबईत नारायण शेषाद्री हा ब्राह्मण तरुण ख्रिस्ती झाला. त्याचा अल्पवयीन भाऊ श्रीपतही मिशनऱ्यांच्या घरी राहिला होता. वडिलांनी कोर्टात जाऊन त्याला परत मिळवलं, पण मिशनऱ्यांकडे राहिलेल्या मुलाला जातीत घ्यायचं कसं? त्याला प्रायश्चित्त देऊन परत घ्यावं म्हणून सनातन्यांचा विरोध पत्करून उभे राहिले ते ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर, देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे. त्या वादात पोराने मनातून काय ठरवलं, हा प्रश्नच नव्हता. कुणाच्या हातचं खाल्लं आणि आता कोण त्याच्या हातचं खाईल, हा होता.

ख्रिस्ती पश्चात्तापात प्रश्न नेमका उलट्या बाजूने येतो. म्हणून कॅथलिक मंडळी कुमसाराच्या संस्काराला ‘समेट’ असंही म्हणतात. तुटलेलं नातं जुळणं, हा अर्थ प्रायश्चित्तापेक्षा मला तरी जवळचा वाटतो.

‘बाप्तिस्मा झाला म्हणजे तारण झालंच’

वहिनीच्या प्रश्नाकडे जायचं तर वाटेत पंडिता रमाबाई लागतात. त्यांना टाळून मराठीत या विषयावर बोलता येत नाही.

लहानपणी आईवडिलांसोबत तीर्थामागून तीर्थ पायी घातलेली ही बाई. व्रतं, उपवास, दान, पुराणं सांगणं सगळं करून झालं होतं, आणि दुष्काळात त्या कुटुंबाने उपाशीपोटी माणसं गमावली होती. पुण्य साठवून पाप फेडायचा हिशोब त्यांच्याइतका जवळून कुणी पाहिला असेल! २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज इथे त्यांनी मुलगी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. पुढे अमेरिका, पुस्तक, १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन. जगाच्या नजरेने त्या केव्हाच ख्रिस्ती झाल्या होत्या.

आणि १९०७ च्या आपल्या आत्मनिवेदनात त्याच रमाबाई सांगतात की बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांच्या ध्यानात आलं: ख्रिस्ती धर्म आपल्याला मिळाला, ख्रिस्त मिळालाच नाही. विल्यम हॅस्लम नावाच्या इंग्रज पाळकाचं पुस्तक त्यांच्या वाचनात आलं होतं. हे हॅस्लम कित्येक वर्षं चर्चमध्ये प्रवचनं देत होते आणि एके दिवशी स्वतःच्याच प्रवचनाने त्यांचं मन पालटलं. रमाबाईंनी स्वतःकडे पाहिलं. संस्कार झाला, श्रद्धेची वचनं पाठ, मग आत शांती का नाही? आपण जुनाच हिशोब नव्या वहीत मांडतो आहोत, पूर्वी तीर्थं होती त्या जागी आता बाप्तिस्मा, असं काहीसं त्यांना उमगलं. क्षमा कमवायची नसते, घ्यायची असते, इथे त्या थांबल्या. घाटावर ज्याला तारणाची खात्री म्हणतात ती हीच.

ही खात्री मिळाल्यावर रमाबाई निवांत बसल्या नाहीत. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात जाऊन मुली घेऊन आल्या, केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं, १९०० च्या सुमारास तिथे जवळपास २००० जणी होत्या. शिवाय हिब्रू आणि ग्रीक शिकून आख्ख्या बायबलचं मराठी भाषांतर. म्हणजे धर्मांतराची तारीख एक, खात्रीची दुसरी, आणि काम मरेपर्यंत, १९२२ पर्यंत.

‘एकदा वाचलो, आता काहीही करा’; आणि ‘कॅथलिकांना खात्रीच नसते’

ही दोन वाक्यं आमच्या घरात जेवणाच्या ताटावर समोरासमोर बसतात, म्हणून एकत्रच घेतो. पहिलं आमच्याकडचे लोक वहिनीच्या मंडळीबद्दल बोलतात, दुसरं तिच्याकडचे आमच्याबद्दल.

प्रेस्बिटेरियन मंडळ्यांचा मूळ विश्वासकबुलीजबाब वेस्टमिन्स्टरचा, १६४६ चा. त्याच्या अठराव्या प्रकरणात खात्रीबद्दल जे आहे ते वाचून मी चकितच झालो. खरा विश्वासणारासुद्धा खात्रीसाठी दीर्घ काळ वाट पाहील, झगडेल. मिळालेली खात्री निष्काळजीपणाने, पापाने डळमळेल. आणि ती माणसाला सैल सोडत नाही, आज्ञापालनाकडेच नेते. ‘काहीही करा’ला तिथे जागा नाही. आणि ‘असेल म्हणजे नाही’ला तरी कुठे आहे? हे मी वहिनीला दाखवलं. ती म्हणाली, ‘‘आमच्या पाळकांनी हे कधी सांगितलं नाही.’’

आमची बाजू अशी. ट्रेंटच्या परिषदेने १५४७ मध्ये म्हटलं की मी कृपेत आहेच, हे कुणी श्रद्धेच्या अचूकतेने स्वतःबद्दल जाहीर करू नये. याचा अर्थ थरथरत जगा असा लावला जातो. पण १४३१ मध्ये जोन ऑफ आर्कला न्यायाधीशांनी याच प्रश्नाच्या सापळ्यात धरलं होतं: तू देवाच्या कृपेत आहेस का? ‘हो’ म्हणाली तर गर्विष्ठ, ‘नाही’ म्हणाली तर पापी. त्या एकोणीस वर्षांच्या, अक्षरशत्रू पोरीने उत्तर दिलं त्याचा मथितार्थ असा: नसेन तर देव मला तिथे नेवो, असेन तर तिथेच ठेवो. कॅथलिक आशा म्हणतात ती ही. ती स्वतःकडे पाहून हमी देत नाही, देवाकडे पाहून देते.

३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतल्या आउग्सबुर्ग इथे कॅथलिक चर्च आणि ल्यूथरन मंडळ्यांनी एका संयुक्त घोषणेवर सह्या केल्या, तिचा एक भाग तारणाच्या खात्रीवरच आहे. स्वतःच्या दुबळेपणाकडे पाहिलं तर कुणालाही काळजी वाटेल, देवाच्या वचनावर मात्र भरवसा ठेवता येतो, असा त्याचा आशय. २०१७ मध्ये रिफॉर्म्ड मंडळ्यांची जागतिक संघटनाही त्यात सामील झाली. सगळे मतभेद मिटले असं नाही. २००५ मध्ये पुणे धर्मप्रांतातून वेगळा काढलेला आमचा सिंधुदुर्ग धर्मप्रांत घाट ओलांडून कोल्हापुरापर्यंत जातो. तरी वहिनी कुमसाराला येत नाही, आणि मी तिला बोलावत नाही.

यंदा गुड फ्रायडेच्या आधी दुकानात गर्दी नव्हती, म्हणून दुकानदाराला जक्कयाची गोष्ट सांगितली. यरीहोचा जकातदारांचा मुख्य, लोकांना लुबाडून गब्बर झालेला. बुटका, म्हणून येशूला बघायला झाडावर चढला. येशू म्हणाला, उतर, आज तुझ्याकडेच उतरतोय. आणि हा बाबा कुणी न मागता उभा राहून म्हणतो, अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याचं ज्याचं लुबाडलं त्याला चौपट परत.

‘‘चौपट?’’ त्याने तराजूतला गूळ कागदात बांधला, थोडा वेळ माझ्याकडे बघितलं, आणि वर आणखी एक खडा टाकला. ‘‘मगे रवांदे, मास्तरांनू. आमचाच बरा आसा.’’