घरात एकच स्वयंपाक

वजन कमी करायचं म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "ताई, काय बंद करू?" कुणी भात बंद करते, कुणी बटाटा, तर कुणी रात्रीचं जेवणच. वेल्ह्यात बचत गटाचे हप्ते जमा झाले, वहीवर सह्या झाल्या, की हल्ली हाच विषय निघतो. (2024 मध्ये मंत्रिमंडळाने तालुक्याचं नाव राजगड करायचं ठरवलं, पण आमच्या तोंडी अजून वेल्हंच आहे.) मी उलट विचारते, "वहिनी, तुमच्या घरात दिवसाला स्वयंपाक किती होतात?"

मोजायला बसलं की बायका स्वतःच हसतात. डब्याला चपाती-भाजी, सासऱ्यांना भाकरी, शाळेतून आलेल्या पोरांना नूडल्स, रात्री यजमानांना गरम भात. आणि घरची बाई? तिचं सकाळी चहा-बटर, अकराला पुन्हा चहा, दोन वाजता पातेल्यात उरलेला भात आणि पोरांनी ताटात टाकलेली अर्धी चपाती. "अन्न टाकायचं कसं?" म्हणून खाल्लेला हा घास भुकेचा नसतो आणि हिशोबातही येत नाही. त्यात कुणी सांगितलं म्हणून ती स्वतःसाठी दुधीचा रस नाहीतर ओट्स करायला लागते. म्हणजे पाचवा स्वयंपाक! तो आठ दिवसांत बंद पडतो. पडणारच. एवढा वेळ कुणाला आहे?

वजन उतरवायचं तर घरातले स्वयंपाक आधी कमी करा, असं माझं मत आहे. एकच जेवण, सगळ्यांसाठी, आणि आपणही तेच, वेळेवर.

आमचा भाग भाताचा. भात पूर्वीही पोटभर खाल्ला जायचा, पण त्यामागे डोक्यावरचा हंडा होता, सरपणाची मोळी होती, चिखलातली लावणी होती. वरच्या वाड्यांवर उन्हाळ्यात पाण्याची पायपीट आजही आहे. रस्त्याकडेच्या गावांत मात्र नळ, गॅस, दारात दुचाकी आली. कष्ट कमी झाले हे चांगलंच झालं. पण ताटातला भाताचा ढीग तेवढाच राहिला, आणि त्यावर तेलाची पिशवी व दिवसाचे पाच चहा वाढले.

"मी कुठे जाड आहे?" असं म्हणणाऱ्यांनीही थोडं ऐकावं. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. आपल्याकडची बाळं जन्मतः इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा बरीच हलकी, साधारण पावणेतीन किलोची. पण त्यांच्या अंगात मांस कमी आणि चरबी मात्र त्या मानाने जास्त दिसली. 2004 मध्ये त्यांनी स्वतःचा आणि एका इंग्रज सहकाऱ्याचा फोटो शेजारी शेजारी छापला. उंचीच्या हिशोबाने दोघांचं वजन सारखंच, 22.3 हा आकडा दोघांचाही. पण इंग्रजाच्या अंगात चरबी 9 टक्के आणि डॉक्टरांच्या अंगात 21 टक्के! म्हणूनच आपल्याकडे हा आकडा 23 च्या पुढे गेला की सावध व्हायला सांगतात. पाच फूट उंचीच्या बाईचं वजन साधारण 53 किलोच्या पुढे जाणं म्हणजे ही खूण.

याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. ज्या गरोदर बायकांच्या खाण्यात पालेभाजी, फळं आणि दूध होतं, त्यांची बाळं जन्मतः जास्त भरलेली होती. आपण काय खातो हा नुसता साडी कशी दिसते याचा प्रश्न नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 24 टक्के बायकांचं वजन जास्त आढळलं आणि 57 टक्के बायकांचं रक्त कमी. म्हणजे पोट सुटलेलं आणि रक्त कमी, हे दोन्ही एकाच बाईच्या वाट्याला येऊ शकतं. तिला उपाशी राहायला सांगून कसं चालेल?

मग एकच जेवण म्हणजे काय? एक घट्ट कालवण, एक भाजी, भाकरी, कच्चा कांदा-काकडी नाहीतर मुळा. बस्स. कालवणात मटकी, मसूर, कुळीथ, वाल असं काही असावं, पाण्यात डाळ शोधावी लागेल असं नको. भात एका वेळेला आणि शेवटी, वाटीने मोजून. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये सांगितलं की दिवसाच्या उष्मांकांतला 45 टक्क्यांपेक्षा जास्त वाटा धान्याचा नसावा. आपल्या ताटात कितीतरी जास्त असतो, हे डोळ्यांनाच दिसतं.

भाकरी नाचणीची असली तर उत्तम. 100 ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, पांढऱ्या तांदळात दहासुद्धा नाही. चोथाही भरपूर. आपल्याच डोंगरउतारावर पिकणारी ही नाचणी आपण विकतो आणि पोरांना बिस्किटाचे पुडे आणतो! पण नाचणी खाल्ली म्हणजे वजन उतरलं असंही नाही हं. तिचे उष्मांक तांदळाच्या जवळपासच आहेत. चार भाकऱ्या खाल्ल्या तर हिशोब तोच.

भाजीसाठी बाजार गाठायलाच हवा असं नाही. पावसाळ्यात कुर्डू, टाकळा, भारंगी, फोडशी बांधावर आणि डोंगरात मिळते. ओळख असलेलीच भाजी आणा आणि ती कढईभर करा. चार माणसांत चिमूटभर पालेभाजी तोंडी लावायला, ही सवय मोडायला हवी. फोडणीला मात्र हात आखडता घ्या. माणशी महिन्याला अर्धा लिटर तेल पुष्कळ झालं. पिशवी फोडली की तिच्यावर तारीख लिहून ठेवायची, म्हणजे कुठे जातंय ते कळतं.

चहाचं काय? दोन चमचे साखरेचे पाच कप म्हणजे दिवसाला 50 ग्रॅम साखर. जागतिक आरोग्य संघटना 25 ग्रॅमच्या आत राहा म्हणते. शिवाय जेवणावर लगेच चहा घेतला की अन्नातलं लोह अंगी लागत नाही. जेवताना लिंबू पिळा आणि चहा तासाभराने घ्या.

उपवासाचं बोलले तर सासूबाई रागावतील, तरी बोलते. साबुदाणा म्हणजे नुसता पिठूळ भाग, वर तूप आणि दाण्याचं कूट. त्यापेक्षा आपल्याकडची वरई, ताक आणि एखादं फळ बरं.

किती वेळा खावं यावर मोठी माणसंही एकमताची नाहीत. डॉ. जगन्नाथ दीक्षित दोनदाच जेवायला सांगतात, तर ऋजुता दिवेकर थोड्या थोड्या वेळाने घरचंच खा म्हणतात. शेतात खपणाऱ्या, रक्त कमी असलेल्या बाईने सकाळची भाकरी सोडू नये असं मला वाटतं. साखरेची किंवा बीपीची गोळी चालू असेल, दिवस गेले असतील, बाळ अंगावर पीत असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही सोडू नका.

वजनकाटा नसला तरी अडत नाही. शिवणकामाची टेप कमरेला लावा. बाईची कंबर 80 सेंटिमीटर, म्हणजे साडेएकतीस इंचांच्या आत असावी. महिन्यातून एकदा मोजा, कॅलेंडरवर लिहा. महिन्याला दोन किलो उतरलं तरी खूप झालं. गौरी-गणपतीच्या आठवड्यात टेप कपाटातच राहू दे.