पडीक माळावरची सायकल

‘‘मावशी, एप्रिलअखेरीस ये. इथल्या माळावर खोबऱ्याचा वास येतो,’’ असं पूल या गावी राहणाऱ्या भाच्यानं फोनवर सांगितलं, तेव्हा मी हसले. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, डॉर्सेटमध्ये, शंभर कोस नारळाचं झाड नाही, आणि म्हणे खोबऱ्याचा वास! मी गुहागरकडची, खोबऱ्याच्या बाबतीत कुणी काही सांगितलेलं मला सहजी पटत नाही. म्हणून गेले. भाचा सुट्टीच्या दिवशी ज्या बाईंबरोबर माउंटन बाइकवरून हिंडतो, त्यांच्या चमूत त्यानं परस्पर माझंही नाव घालून टाकलं होतं.

बाई साठीच्या आसपासच्या. किडकिडीत, पोटऱ्या मात्र दगडी. पर्बेक या टापूत लोकांना सायकलवरून वाटा दाखवणं हा त्यांचा पोटापाण्याचा उद्योग. पर्बेकला ‘आयल’ म्हणतात, पण ते बेट नाही, तिन्ही बाजूंना पाणी असलेला जमिनीचा तुकडा आहे. निघण्याआधी बाईंनी प्रत्येकाचं चाक अंगठ्यानं दाबून पाहिलं. माझ्या भाड्याच्या सायकलशी थांबल्या, खिशातून हवा मोजायचं यंत्र काढलं आणि नाक मुरडलं. ‘‘पस्तीस. दुकानदारांना वाटतं, सगळं जग डांबरी आहे.’’ मग व्हॉल्व्हची पिन नखानं दाबून फुस्स फुस्स करत हवा सोडत राहिल्या. मधेच थांबायच्या, मोजायच्या, पुन्हा दाबायच्या. ‘‘बावीस. माझ्या माळावर बावीस.’’ टायर ट्यूबलेस, आत पंक्चर आपोआप बुजवणारा पांढरा द्रव. त्यामुळे हवा कमी केली म्हणून ट्यूब चिमटण्याची भीती नाही.

कॉर्फ किल्ल्याजवळच्या नॉर्डनहून निघालो. आकडा कशासाठी ते पहिल्याच मैलात कळलं. हार्टलँड मूरवरची वाट म्हणजे वाळू. ताठ फुगलेलं चाक तीत सुरीसारखं रुततं. बावीसवालं जरा पसरतं आणि वरून चालतं. बाईंच्या सूचना त्रोटक. हलका गिअर, अंग मागे, हँडल घट्ट धरायचं नाही, पाय थांबवायचे नाहीत. हँडल सोडल्यासारखं धरा हे ऐकायला सोपं. चाक डावीकडे घसरलं की दोन्ही हात आपोआप आवळतात, आणि आवळले की माणूस आडवा होतो. या माळावर १८०६ साली घोड्यांनी ओढायची ट्राम होती, इथली चिनी मातीच्या भांड्यांसाठीची माती धक्क्यापर्यंत न्यायला. तिच्या रुळांखालचे दगड काही ठिकाणी अजून दिसतात.

आणि वास? ढग होते तोवर काही नव्हतं. गुडघाभर उंचीची हेदरची झुडपं तपकिरी, वाळल्यासारखी. ती फुलतात उन्हाळा सरताना. मधूनमधून गॉर्सच्या काटेरी जाळ्या, पिवळ्याधमक फुलांनी लगडलेल्या. ऊन पडलं आणि दोनच मिनिटांत ताज्या किसलेल्या खोबऱ्याचा वास सगळीकडून आला. मी सायकल थांबवून फूल नाकाशी नेलं, बोटाला काटा टोचून घेतला. भाच्याला म्हटलं, ‘‘हरले बाबा.’’

तो माळ म्हणजे मला वाटलं होतं तसं आपोआप उगवलेलं रान नाही. बाईंनी ते पहिल्या फाटकापाशी सांगितलं. सांगताना त्या फाटकाची कडी लावत होत्या. पुढच्यानं उघडायचं, मागच्यानं लावायचं, आणि लागलं का ते हलवून बघायचं, कारण पलीकडे गुरं चरत असतात. ब्राँझयुगात माणसांनी इथलं जंगल तोडलं. मूळची वाळूची जमीन पावसानं धुपून निकस झाली. तिच्यावर हेदर आणि गॉर्स तगले. मग हजारो वर्षं लोक इथं गुरं चारत आले, गॉर्स तोडून भट्ट्यांत जाळत आले, मातीचे वाळके थर सरपण म्हणून कापून नेत आले. टॉमस हार्डीच्या ‘द रिटर्न ऑफ द नेटिव्ह’चा नायक याच मुलखात थोडा पश्चिमेला, माळावर गॉर्स तोडायच्या कामाला लागतो, ती कादंबरी १८७८ची. ही कामं बंद पडली की माळ माळ राहत नाही. पाइन आणि बर्चची रोपं उगवतात आणि बघता बघता सगळं झाकून टाकतात. म्हणून थंडीत स्वयंसेवक येऊन ती रोपं उपटतात. बाईही जातात. झाडं लावा म्हणून शाळेत घोषणा दिलेल्या माझ्या कानांना हे विचित्रच लागलं.

पण खरी गंमत पुढे. रेम्पस्टोनच्या जंगलात शिरलो. एका रांगेत उभे पाइन, खाली उजेड कमी, वाटेवर मुळांच्या गाठी. मुळं काटकोनात ओलांडायची, त्यावर ब्रेक लावायचा नाही; एवढं जमलं की जंगल सोपं. हे जंगल लावलेलं आहे. पहिल्या महायुद्धात लाकूड कमी पडलं, १९१९मध्ये सरकारनं वनीकरणाचं खातं काढलं, आणि पुढे या ‘पडीक’ माळांवर पाइन उभे राहिले. त्यांच्यामागे तेलाच्या विहिरीही दडल्या आहेत. विच फार्म हे पश्चिम युरोपातलं जमिनीवरचं सर्वांत मोठं तेलक्षेत्र, आणि मी त्याच्या शेजारून गेले तेव्हा मला एक कुंपण तेवढं दिसलं. आता तेच पाइन ठिकठिकाणी तोडून माळ परत आणताहेत. २०२०मध्ये सात मालकांनी आपापल्या जमिनी एकत्र बांधून ‘पर्बेक हीथ्स’ हे ३,३३१ हेक्टरचं राखीव क्षेत्र केलं. ब्रिटनमधले मूळचे सहाच्या सहा सरपटणारे प्राणी इथं सापडतात, दुर्मीळ स्मूथ स्नेक धरून. त्याच वर्षी मे महिन्यात शेजारच्या वेअरहॅमच्या जंगलात आग लागून सुमारे २२० हेक्टर जळालं. फेकून द्यायच्या बार्बेक्यू शेगड्यांचे सांगाडे आसपास सापडले होते. ‘‘तीन पौंडाची शेगडी,’’ बाई म्हणाल्या आणि थुंकल्या. खरंच थुंकल्या.

हे ऐकताना मला नान्नज आठवत होतं. सोलापूरजवळच्या त्या माळढोकाच्या माळावर आपल्याकडेही असंच ‘ओसाड जमीन’ म्हणून ग्लिरिसिडियासारखी परदेशी झाडं लावली गेली, आणि उघड्या गवतावर जगणाऱ्या पक्ष्याची जागा गेली. सरकारी कागदावर माळ म्हणजे रिकामी जागा. इथं निदान चूक झाली हे मान्य करून करवत उलटी फिरवायला सुरुवात झाली आहे. आपण अजून झाडांचे आकडे मोजतोय.

गॉडलिंग्स्टन हीथवर समोरून घोडा आला. बाईंनी हात वर केला, सगळे थांबलो, पाय जमिनीवर. घंटी कुणी वाजवली नाही. बाई मोठ्यानं, अगदी शेजारणीशी बोलावं तशा, घोड्याशी बोलायला लागल्या: काय म्हणतोस, किती छान दिसतोस, आज कुठवर? सायकलवरचा चष्मा-हेल्मेटवाला प्राणी घोड्याला कळत नाही. माणसाचा आवाज आला की कळतं की माणूसच आहे. घोडेस्वार मुलीनं मान हलवली, मग आम्ही एकेक करून लांबून गेलो. घोड्याच्या कातडीवर एक थरथर आली आणि मावळली.

हे नुसतं सौजन्य नाही, कायदा आहे. १९६८च्या ‘कंट्रीसाइड ॲक्ट’नं घोड्यांच्या वाटांवर सायकलला परवानगी दिली, पण चालणाऱ्याला आणि घोडेस्वाराला वाट देण्याच्या अटीवर. तेव्हा माउंटन बाइक जन्मालाही आली नव्हती. त्याच कलमात असंही आहे की सायकलवाल्यांसाठी ही वाट सोयीची करून देण्याचं बंधन कुणावर नाही. हे वाक्य बाईंना पाठ आहे आणि त्यांचा राग त्यावरच आहे. वाट वाहून गेली, वाळूचा गाळ साचला, तरी सायकलसाठी म्हणून कुणी फावडं उचलायला बांधील नाही. ‘‘येऊ देतात, एवढंच,’’ त्या म्हणाल्या. मला मात्र ती अट पटली. तीन माणसांच्या हक्कांत सर्वांत वेगवान माणसानं सर्वांत आधी थांबायचं, यात वाईट काय? मुंबईत उलटं आहे. बाईंना हे सांगितलं, तर त्यांनी ‘तुम्ही एक दिवसाच्या पाहुण्या’ अशा नजरेनं पाहिलं. बरोबरच होतं त्यांचं.

वाटांचे खांब लक्षात ठेवायला सोपे: निळा बाण म्हणजे घोडा-सायकलची वाट, पिवळा म्हणजे फक्त पायी. किनाऱ्याच्या कड्यावरून ६३० मैल जाणारी साउथ वेस्ट कोस्ट पाथ बहुतेक पिवळी. त्यामुळे समुद्र दिसतो, पण जिथून तो सर्वांत जवळून दिसतो तिथं चाक नेता येत नाही.

स्टडलंडच्या पुढच्या झाडीत पुन्हा एक वास आला, या वेळी रानलसणीचा. पांढऱ्या फुलांचे गालिचे, चाकाखाली पानं चिरडली की नाकात झोंबणारा. सकाळी खोबरं, दुपारी लसूण: मिरची तेवढी मिळाली असती तर वाटण झालं असतं. भाचा म्हणाला, ‘‘मावशी, तुला इथंही स्वयंपाकघरच दिसतं.’’ त्यानंतरचा चढ मी निम्मा सायकल ढकलत चढले. भाचा आणि बाई सीटच्या टोकावर बसून, छाती हँडलवर टेकवून, सावकाश पायडल मारत वर गेले.

बॅलर्ड डाउन या टेकडीवर वाळू संपते आणि खडू सुरू होतो. ओला असला तर साबण, सुका असला तर त्यातल्या गारगोट्या टायर चिरतात. खाली ओल्ड हॅरीचे पांढरे सुळके, त्याची शेजारीण ‘ओल्ड हॅरीज वाइफ’ १८९६ सालीच समुद्रात कोसळली. पूर्वेला आयल ऑफ वाइटचे नीडल्स, एकेकाळी याच खडूच्या रांगेला जोडलेले. मधला भाग समुद्रानं खाल्ला. नाइन बॅरो डाउनवर ब्राँझयुगातल्या थडग्यांचे गवताळ उंचवटे वाटेला लागून आहेत. तिथं बाईंनी माझं चाक पुन्हा दाबून पाहिलं. ‘‘बावीसच आहे,’’ म्हणाल्या, आणि खूष झाल्या. मग कॉर्फच्या मोडक्या किल्ल्यापर्यंत, जो १६४६मध्ये पार्लमेंटनं सुरुंग लावून पाडला, सगळा उतार.

खाली गेल्यावर ब्रशनं चाकं घासायची. माती इथंच झाडून जायची, कारण तिच्यातून झाडांचा रोग एका जंगलातून दुसऱ्या जंगलात जातो. आम्ही घासत असताना गाडीच्या मागे महागड्या सायकली बांधलेले दोघे आले आणि ओल्ड हॅरीकडे जायची कड्यावरची वाट विचारू लागले. बाईंनी ब्रश खाली ठेवून नकाशा उघडला, १९६८पासून सुरुवात करून सगळं समजावलं, टायरचा आकडाही सांगितला. दोघांनी मनापासून ऐकलं, आभार मानले, सायकली उतरवल्या आणि हवा न सोडता पिवळ्या बाणाच्या वाटेनं निघाले.