पीठ शाखेत, पोळपाट घरोघरी

1959 साली गिरगावात सात गृहिणींनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले. त्यातूनच लिज्जत पापड उभं राहिलं. आज लिज्जतच्या हजारो सभासद भगिनी पापड लाटतात, तेही आपापल्या घरी.

पीठ मात्र शाखेतच मळलं जातं, कारण चव तिथे ठरते. भगिनी मळलेलं पीठ घरी नेतात, लाटतात, वाळवतात आणि दुसऱ्या दिवशी पापड वजन करून देतात. कारखान्याची जागा वाचते आणि घर सांभाळून बाईच्या हाती स्वतःची कमाई येते. ही मोलाची गोष्ट आहे. पण घरागणिक हात वेगळा, पावसाळी दमटपणा वेगळा. म्हणून तपासणी आणि पॅकिंग पुन्हा शाखेत.

पोळपाट-लाटण्यावर भागतं, म्हणून हे जमतं. प्रत्येक काम असं घरोघरी वाटता येत नाही. चीनने 1958 मध्ये परसातल्या भट्ट्यांत पोलाद करायला घेतलं. त्यातलं बरंचसं लोखंड निरुपयोगी निघालं.