आधी आरोग्यमित्र, मग डिपॉझिट

‘आमचं कार्ड पांढरं आहे, आम्हाला योजनेतलं काही मिळत नाही.’ हे वाक्य आजही इतक्या घरांत ऐकू येतं, की सुरुवात तिथूनच करायला हवी. एके काळी ते खरं होतं. 2 जुलै 2012 रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना राज्यातल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि पुढच्या वर्षी महाराष्ट्रभर गेली. तेव्हा ती पिवळ्या आणि केशरी कार्डांसाठी होती. पुढे मराठवाडा आणि विदर्भातल्या चौदा जिल्ह्यांतले पांढरं कार्ड असलेले शेतकरीही तीत आले. 2017 मध्ये तिला महात्मा जोतिराव फुल्यांचं नाव मिळालं आणि 2020 पासून केंद्राची आयुष्मान भारत योजना तिच्याशी जोडली गेली. पण मोठा बदल झाला तो 1 जुलै 2024 पासून. दीड लाखाचं संरक्षण पाच लाखांवर गेलं, उपचारांची यादी 996 वरून 1356 वर गेली आणि कार्डाच्या रंगाची अट उठली. पांढऱ्या कार्डाचं कुटुंबही आता योजनेत आहे. लोक अजूनही जुन्याच माहितीवर निर्णय घेतात आणि सोनं गहाण टाकून मोकळे होतात, हे पाहून जीव तुटतो.

त्याहून महागात पडणारा गैरसमज म्हणजे ‘आत्ता पैसे भरू, बिलं जपून ठेवू, नंतर योजनेतून मिळतील.’ मिळत नाहीत. ही योजना कॅशलेस आहे. पैसा रुग्णाच्या हातात किंवा खात्यात येतच नाही, तो थेट रुग्णालयाला जातो. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्राचं टेबल असतं. तिथे रेशनकार्ड आणि फोटो असलेलं ओळखपत्र दाखवून नोंदणी होते. मग डॉक्टरांचं निदान आणि तपासण्यांचे रिपोर्ट ऑनलाइन पाठवून उपचाराची पूर्वमंजुरी घेतात. ही मंजुरी उपचाराच्या आधीची असते, म्हणून रोख भरून झालेल्या ऑपरेशनचं बिल मागाहून चालत नाही. अपघात, हृदयविकाराचा झटका अशा वेळी कागदांसाठी थांबावं लागत नाही. फोनवरून कळवून उपचार सुरू करता येतात, कागद मागून देता येतात. पण रुग्ण योजनेतला आहे हे सुरुवातीलाच सांगायला हवं. रात्री दोन वाजता कॅश काउंटरवर डिपॉझिटचा आकडा ऐकून माणूस गांगरतो आणि नातेवाइकांना फोन लावत सुटतो. त्याआधी एकच प्रश्न विचारा: आरोग्यमित्र कुठे बसतात?

पाच लाख ही रक्कम संपूर्ण कुटुंबासाठी आणि एका वर्षासाठी असते, माणशी नाही. वडिलांच्या बायपासला त्यातले काही खर्च झाले तर उरलेले घरातल्या इतरांसाठी राहतात. प्रत्येक उपचाराचा दर आधीच ठरलेला असतो, त्याला सगळे ‘पॅकेज’ म्हणतात. मूत्रपिंड प्रत्यारोपणाची मर्यादा वेगळी, साडेचार लाखांची आहे. कुटुंबाला हप्ता भरावा लागत नाही, आणि आजार आधीपासून होता म्हणून नकारही देता येत नाही. खासगी विमा आणि ही योजना यांतला मोठा फरक हाच.

मग काउंटरवरून ‘हे योजनेत बसत नाही’ असं उत्तर येतं तेव्हा काय समजायचं? बहुतेक लोक ते उत्तर अखेरचं मानून घरी जातात. त्यामागे चार निरनिराळी कारणं असू शकतात आणि प्रत्येकावर निराळा मार्ग आहे. उपचारच यादीत नसेल तर योजनेचा मार्ग तिथे संपतो आणि दुसरी वाट शोधावी लागते. उपचार यादीत आहे, पण सरकारी रुग्णालयांसाठी राखीव आहे, असंही असतं. तेव्हा जिल्हा रुग्णालय किंवा वैद्यकीय महाविद्यालय गाठावं लागतं. तिसरं कारण सहसा कोणी समजावून सांगत नाही. रुग्णालय योजनेत असलं तरी सगळ्याच विभागांसाठी असेल असं नाही. जिथे शेजाऱ्याची अँजिओप्लास्टी फुकट झाली, तिथेच तुमच्या आईच्या मांडीच्या हाडासाठी नकार मिळू शकतो, आणि दोन्ही गोष्टी नियमात बसतात. म्हणून ‘कुठल्या कारणाने बसत नाही?’ असं विचारून घ्यावं आणि त्या उपचारासाठी जवळचं कोणतं रुग्णालय योजनेत आहे, हे 155388 या हेल्पलाइनवर विचारावं.

चौथं कारण घरातलंच असतं. लग्न होऊन पाच-सहा वर्षं झालेली, पदरात दोन मुलं, आणि सुनेचं नाव अजून माहेरच्याच रेशनकार्डावर. कधी कार्डावर ‘सुमन’ तर आधारवर ‘सुमनबाई’. कधी नातवाचं नाव चढवायचंच राहिलेलं. प्लॅस्टिकच्या पिशवीतून चुरगळलेली कागदपत्रं टेबलावर येतात तेव्हा पेशंट आत कॉटवर असतो आणि बाहेर नवरा तहसील कचेरीच्या नावाने धावाधाव करतो. अगदी लहान मुलाचं नाव कार्डावर नसेल तर जन्मदाखला आणि आईवडिलांपैकी एकासोबतचा फोटो चालतो. बाकीच्यांचं नाव मात्र वेळेत चढवलेलं बरं. हे काम आजारपणात करायचं नाही, आत्ता, घरात सगळे धडधाकट असताना करायचं.

‘योजनेत हलकं साहित्य वापरतात, चांगल्या स्टेंटचे वरचे पैसे द्या,’ असंही सांगितलं जातं. पॅकेजमध्ये खाट, डॉक्टर, तपासण्या, औषधं, शरीरात बसवायचं साहित्य, रुग्णाचं जेवण आणि घरी सोडल्यानंतर दहा दिवसांपर्यंतचा पाठपुरावा धरलेला आहे. घरी परतण्याचं एसटीचं भाडंसुद्धा त्यात येतं. मंजूर उपचारासाठी रुग्णाकडून वर पैसे घेता येत नाहीत. दर परवडत नाहीत, सरकारकडून पैसे उशिरा येतात, अशी रुग्णालयांची तक्रार आहे आणि ती ऐकून घ्यायलाच हवी. पण तो हिशेब त्यांचा आणि सरकारचा आहे. तो रुग्णाच्या खिशातून चुकता करणं अन्याय आहे. पैसे मागितले तर पावती मागा आणि त्याच हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.

आयुष्मान कार्डासाठी पैसे घेणारे एजंट गावोगाव फिरतात. कार्ड मोफत निघतं. घरातल्या सत्तरीपुढच्या माणसांसाठी 29 ऑक्टोबर 2024 पासून वेगळं वय वंदना कार्ड मिळतं आणि त्याला उत्पन्नाची अट नाही. मुलाने खासगी विमा काढला असला तरी आईचा हक्क जात नाही.

आता योजनेची खरी मर्यादा. रोजची शुगरची गोळी, साधा ताप, दवाखान्यातली तपासणी यांचा खर्च यातून होत नाही. त्यासाठी दोन वाटा आहेत. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरपासून सगळं मोफत आहे. आणि पगार महिना 21,000 पर्यंत असेल तर पगाराची स्लिप नीट बघा. त्यातून 0.75 टक्के ईएसआयसीचे, म्हणजे कामगार विम्याचे, कापले जात असतील, तर बाह्यरुग्ण उपचार, औषधं आणि आजारपणाच्या रजेतला पगाराचा काही भाग हा तुमचा हक्क आहे. कितीतरी कामगार वर्षानुवर्षं वर्गणी भरतात आणि दवाखान्याची पायरीही चढत नाहीत.

बँक दर वर्षी 20 आणि 436 रुपये कापते, त्याला अनेक जण ‘मोदींचा दवाखान्याचा विमा’ समजतात. त्यातला पहिला अपघाती मृत्यू किंवा अपंगत्वासाठी आहे आणि दुसरा मृत्यूनंतर वारसाला दोन लाख देणारा. रुग्णालयाच्या बिलाशी दोन्हींचा संबंध नाही.

आणि सगळीकडून नकार आलाच, तर धर्मादाय रुग्णालयाचं दार अजून उघडं असतं. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेल्या ट्रस्टच्या रुग्णालयांना 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी पूर्ण मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या 2006 च्या आदेशातून ही योजना आली. वार्षिक उत्पन्न 1 लाख 80 हजारांपर्यंत असेल तर निर्धन, 3 लाख 60 हजारांपर्यंत असेल तर दुर्बल. मोठमोठी, काचेच्या दारांची नामांकित रुग्णालयंही यात येतात. तिथे रिसेप्शनवर विचारू नका. वैद्यकीय समाजसेवकाचा विभाग कुठे आहे ते शोधा आणि रेशनकार्ड किंवा तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला घेऊन तिथे जा.