चित्रपुस्तकाची निवड आणि तात्पर्याची ओळ

कोल्हापुरातील शिवाजी पेठेसारख्या जुन्या वस्तीत तालमी, तरुण मंडळे आणि फुटबॉलचे संघ मुलांना घडवण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या आपापल्या परीने करत आले असले, तरी तीन ते सात वर्षांच्या मुलासाठी पुस्तक घ्यायची वेळ आली की तिथल्या घरांतली मागणी इतर कोणत्याही गावासारखीच असते : पुस्तक चांगले संस्कार करणारे असावे. ही मागणी रास्तच आहे. प्रश्न एवढाच उरतो, की पुस्तकातला बोध नेमका असतो कुठे आणि विकत घेणाऱ्याने तो ओळखावा कसा. ‘नीतिकथा’, ‘बोधकथा’ अशी नावे मुखपृष्ठावर मिरवणाऱ्या गुळगुळीत पुस्तकांच्या चळती बाजारात असतात आणि त्यांतल्या बहुतेकांत पानोपानी चित्रेही असतात, पण तेवढ्याने ती चित्रपुस्तके होत नाहीत. गोष्ट शब्दांतच पुरी होते आणि चित्र केवळ शोभेला उरते, ते सचित्र पुस्तक. चित्र झाकले तर गोष्टच लंगडी पडते, ते चित्रपुस्तक.

बोधकथांच्या चळतीमागे मोठी परंपरा उभी आहे. तंजावरच्या दुसऱ्या सरफोजी राजांच्या छापखान्यात १८०६ मध्ये इसापच्या कथा ‘बालबोध मुक्तावली’ या नावाने मराठीत छापल्या गेल्या, पुढे १८२८ मध्ये सदाशिव काशिनाथ छत्रे यांच्या इसापनीतीच्या कथा आल्या. म्हणजे मराठीत मुलांसाठी छापणे सुरू झाले तेच मुळी शेवटी तात्पर्य सांगणाऱ्या गोष्टींनी. शाळेच्या पुस्तकांतून ही तात्पर्याची ओळ इतकी अंगवळणी पडली, की तिच्याशिवाय गोष्ट संपली असे मोठ्यांना वाटेनासे झाले. पंचतंत्राचे तर आणखी निराळे आहे. विष्णुशर्म्याने राजपुत्रांना शिकवली ती राजनीती, म्हणजे व्यवहारातले डावपेच. काळीज झाडावरच राहिले अशी थाप मारून माकड मगरीच्या पाठीवरून सुटते, ही गोष्ट बहारीची आहे. मात्र पाच वर्षांच्या मुलाने तिच्यातून ‘थाप मारली की जीव वाचतो’ असे तात्पर्य काढले, तर त्याचे काही चुकले असे म्हणता येणार नाही.

तात्पर्याच्या ओळीचा मुलांच्या वागण्यावर किती परिणाम होतो, हे कॅनडातील टोरांटो विद्यापीठाचे संशोधक कांग ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासले आणि २०१४ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. मुलाला पाठमोरे बसवायचे, खेळण्याचा नुसता आवाज ऐकवून ते ओळखायला सांगायचे, मग ‘वळून बघायचे नाही’ अशी ताकीद देऊन त्याला क्षणभर एकटे सोडायचे, परत आल्यावर एक गोष्ट वाचून दाखवायची आणि शेवटी ‘बघितलेस का?’ असे विचारायचे, असा तो प्रयोग होता. तीन ते सात वर्षांच्या मुलांपैकी ज्यांना ‘लांडगा आला रे आला’ ही गोष्ट किंवा खोटे बोलल्यावर नाक वाढणाऱ्या पिनोकिओची गोष्ट ऐकवली, ती खरे बोलण्याच्या बाबतीत पुढे सरकली नाहीत. चेरीचे झाड आपणच तोडले असे कबूल करणाऱ्या आणि त्याबद्दल वडिलांची शाबासकी मिळवणाऱ्या लहानग्या जॉर्ज वॉशिंग्टनची गोष्ट ज्यांनी ऐकली, ती मात्र अधिक प्रमाणात खरे बोलली. त्याच गोष्टीचा शेवट बदलून तिच्यात शाबासकीऐवजी खोटेपणाची शिक्षा घातली, तेव्हा परिणामही नाहीसा झाला. आपल्याकडे पिढ्यांनी मुलांना लांडग्याची गोष्ट सांगितली ती खरेपणा शिकवण्यासाठीच, पण या प्रयोगाचा कौल असा, की भीती दाखवणाऱ्या गोष्टीपेक्षा खरे बोलण्याचे समाधान दाखवणारी गोष्ट लहान मुलाला अधिक पोचते. त्याच विद्यापीठातील २०१७ च्या दुसऱ्या एका अभ्यासात, वाटून घेण्याची गोष्ट माणसांच्या पात्रांची असेल तर चार ते सहा वर्षांची मुले आपले स्टिकर इतरांना अधिक देतात आणि तीच गोष्ट कपडे घातलेल्या प्राण्यांची असेल तर तसे होत नाही, असे आढळले. यावरून ससे-कोल्हे पुस्तकांतून हद्दपार करावेत असा अर्थ कोणी काढू नये. कल्पनेसाठी ते हवेतच. फक्त एखादे ठरावीक वर्तन शिकवायचे असेल, तर मूल स्वतःला ज्यात पाहू शकेल असे माणसांचे घर पुस्तकात असणे बरे.

चित्रपुस्तकातला बोध बहुतेक वेळा शब्द आणि चित्र यांच्यामधल्या फटीत असतो, आणि निवडीच्या दृष्टीने खरी पारख तिथेच लागते. पॅट हचिन्स यांच्या १९६८ मधील ‘रोझीज वॉक’ या इंग्रजी पुस्तकाचा मजकूर ३२ शब्दांचा असून तो एका कोंबडीचा फेरफटका तेवढा सांगतो. तिच्या मागे टपलेला आणि पानापानावर फजीत होणारा कोल्हा केवळ चित्रात आहे, शब्दांत त्याचा उल्लेखसुद्धा नाही. ज्या मुलाला अजून अक्षरओळख नाही, त्याला इथे वाचणाऱ्या मोठ्या माणसापेक्षा जास्त कळलेले असते, आणि नीट पाहण्याची सवय यातून जितकी लागते तितकी कोणत्याही उपदेशाने लागणार नाही. भारतीय उदाहरण घ्यायचे तर चिल्ड्रन्स बुक ट्रस्टचे, हेमलता यांनी लिहिलेले आणि पुलक बिस्वास यांनी चितारलेले ‘महागिरी’ घेता येईल. देवळाच्या उत्सवाचा खांब खड्ड्यात उभा करायला हत्ती नकार देतो, माहूत त्याला मारतो, आणि पुढे कळते की खड्ड्यात मांजराचे पिल्लू होते. भूतदया हा शब्द न उच्चारताही मुलाला ती समजते आणि न विचारता मारणाऱ्या माणसांविषयीही त्याचे एक मत तयार होते. दुसरी गोष्ट कदाचित पालकांना थोडी अडचणीची वाटेल.

मराठीत हे काम सर्वांत जाणतेपणाने केले ते माधुरी पुरंदरे यांनी. त्या स्वतः चित्रकार असल्यामुळे त्यांच्या पुस्तकांत मजकूर आणि चित्र एकाच हातून येतात. ज्योत्स्ना प्रकाशनाने काढलेल्या ‘राधाचं घर’ या संचात लहान मुलीच्या नजरेतून दिसणारी घरातली माणसे आहेत, तर ‘चित्रवाचन’मध्ये चित्र हाच वाचायचा मजकूर आहे. या पुस्तकांत उपदेशाचा आव कुठेही नाही, तरीही घरात कोण काय काम करते, मोठी माणसेही कशी चिडतात आणि मग निवळतात, हे मूल त्यांतून टिपत जाते. रंकाळ्याचा परिसर ज्यांच्या कुंचल्यातून उतरला ते आबालाल रहिमान आणि पडद्यापासून पुतळ्यापर्यंत सर्वत्र हात चालवणारे बाबूराव पेंटर यांच्या कोल्हापुरात तरी मुलांच्या पुस्तकातल्या चित्राकडे कारागिरी म्हणून पाहिले जावे, ही अपेक्षा जास्तीची नाही. संगणकावर एकदाच काढलेला चेहरा दहा पानांवर जसाच्या तसा चिकटवलेली पुस्तके सर्रास विकली जातात, आणि त्यांतले रडणारे मूल व हसणारे मूल यांच्यात फरक फक्त ओठांच्या रेषेचा असतो. दुसऱ्याचे मन ओळखायला शिकवणाऱ्या पुस्तकात चेहराच मुका असेल, तर शिकवणार कोण?

दुकानात उभ्या उभ्या पुस्तक पारखायचे असेल, तर मजकुरावर हात ठेवून नुसती चित्रे चाळावीत. गोष्ट थोडीफार उलगडत गेली तर चित्रकाराने आपले काम केले आहे असे समजावे. नंतर शेवटच्या पानावरची तात्पर्याची ओळ, असल्यास, झाकून पाहावी, कारण तिच्याविना गोष्ट पोकळ वाटत असेल तर ती ओळ छापूनही पोकळच राहणार. चित्रातल्या घरात रांधणारी नेहमी आईच आणि वर्तमानपत्र वाचणारे नेहमी बाबाच आहेत का, खलनायक दरवेळी काळासावळा आणि जाडाच काढला आहे का, हेही बघावे. मजकूर समतेचा धडा देत असला तरी चित्र वेगळेच शिकवत असू शकते. शेवटी एक पान मोठ्याने वाचावे. अनुवादित पुस्तकांची मराठी पुष्कळदा जिभेवर अडखळते, आणि पेठेतली आजी वाचताना तिला आपल्या बोलीत वळवून घेते तेव्हा पुस्तकाचे भलेच होते.

पुस्तक कसे वाचले जाते, यावर त्याचा निम्मा गुण अवलंबून असतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट यांनी १९८८ मध्ये संवादी वाचनाची पद्धत मांडली. मोठ्याने वाचत सुटण्याऐवजी मध्येच थांबून ‘हा का लपला असेल?’ असे विचारायचे, मुलाचे उत्तर थोडे वाढवून त्याला परत द्यायचे आणि हळूहळू गोष्ट सांगणे त्याच्याकडेच सोपवायचे, असे तिचे स्वरूप आहे. कोल्हापुरात लीलाताई पाटील यांनी १९८५ मध्ये सुरू केलेल्या सृजन आनंद विद्यालयातही मुलाला उत्तर सांगण्यापेक्षा त्याला बोलते करण्यावर भर राहिला, आणि त्या शाळेच्या कामाविषयी लीलाताईंनी विपुल लिहूनही ठेवले आहे. अशा वाचनात मूल कधी कधी भलत्याच पात्राची बाजू घेते. त्याला लगेच दुरुस्त करू नये. महागिरीच्या गोष्टीत एखाद्याला माहुताचे वाईट वाटले, तर त्यावरही बोलता येते.

खर्चाचा प्रश्न उरतो, कारण चांगल्या छपाईचे चित्रपुस्तक स्वस्त नसते आणि मूल ते आठवड्यात फाडूही शकते. नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालय मालेतील पुस्तके त्या मानाने परवडतात, तर प्रथम बुक्सने २०१५ मध्ये सुरू केलेल्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठीसह अनेक भाषांतली चित्रपुस्तके मोफत वाचता व छापून घेता येतात. शहरात १८५० पासून चालत आलेले करवीर नगर वाचन मंदिर आहे, आणि गल्लोगल्लीच्या मंडळांकडे खोल्याही आहेत. एका खोलीत चाळीस-पन्नास निवडक चित्रपुस्तके ठेवून ती आळीपाळीने घरी नेऊ दिली, तर मूल जे पुस्तक तिसऱ्यांदा मागून नेईल, ते विकत घ्यायचे.